पुराच्या आदल्या वर्षी: मराठीच्या तासाला डिजिटल कालरेषा

मराठीच्या तासाला टाइमलाइन करून घ्यायची म्हटलं की बहुतेक वर्गांत एकच प्रकार होतो. मुलं नेटवरून पंधरावीस तारखा उतरवून काढतात, प्रत्येकीखाली एक चित्र डकवतात, बाई 'छान' म्हणतात आणि भाषा होती तिथेच राहते. तो इतिहासाचा प्रकल्प झाला, आणि तोही अर्धाकच्चा. भाषेच्या तासाला कालरेषेचा उपयोग वेगळा आहे. दोन घटनांचं एकमेकींशी नातं काय, हे वाक्यात कसं सांगायचं ते शिकवायला मला तिच्याइतकं चांगलं साधन मिळालेलं नाही. आधी, तोवर, तेव्हापासून, होताहोता, व्हायच्या आत, होऊन गेल्यावर. आठवीच्या मुलांना हे सगळं ऐकून माहीत असतं, पण वहीत लिहायची वेळ आली की सगळा कारभार 'मग' आणि 'नंतर' या दोघांवर चालतो.

मी पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. २०२०च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, त्यामुळे वर्ग चांगलाच मिसळीचा असतो. काहींच्या घरी अस्सल पेठी मराठी, काहींकडे सिंधी, कन्नड, मारवाडी, आणि आयटीतल्या आईबापांबरोबर आलेल्या बऱ्याच जणांकडे हिंदी. या सगळ्यांना एका कामाला लावायचं तर विषय नीट निवडायला हवा. माझा ठरलेला विषय म्हणजे 'आमचं घर आणि पानशेतचा पूर'.

पानशेतच का? एक तर जुने पुणेकर काळ मोजतात तो पानशेतपासून. 'पुराच्या आधी आम्ही शनिवारात होतो', 'पूर आला तेव्हा मी सातवीत', 'पुरानंतर इकडे जागा मिळाली.' साल कोणी सांगत नाही, पण क्रम चोख असतो. दुसरं कारण व्याकरणाचं. १२ जुलै १९६१ला सकाळी, काम पुरतं संपलेलंही नसताना आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं. ते पाणी खालच्या खडकवासल्यावर आलं, तिथलंही धरण फुटलं आणि मुठा नदी पेठांमध्ये शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला. वीज गेली, नळ कोरडे पडले. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून बांध सावरत होते, म्हणून निदान धरण फुटायला दिवस उजाडला. आता यातली तीन वाक्यं फळ्यावर लिहा: धरण फुटलं, पूल बुडाला, वीज गेली. तिन्ही लिंगं एका सकाळीत आली. हिंदी घरातलं मूल 'धरण फुटला' लिहितं, त्याला नपुंसकलिंगाचा नियम सांगून काही होत नाही. हे एक वाक्य पंधरा दिवस डोळ्यांसमोर राहिलं की 'फुटलं' आपोआप तोंडी बसतं.

ज्यांच्या घरचं कोणी १९६१ला पुण्यात नव्हतं, त्यांचं काय? वर्गातले निम्मे तसेच असतात, आणि तेच या कामाला रंगत आणतात. त्यांच्या रेषेवर दोन ओळी: वरची शहराची, खालची घराची. पिंपरीच्या सिंधी मुलाची घराची ओळ १९४७च्या फाळणीपासून निघते आणि निर्वासितांच्या छावणीपाशी पुण्याच्या ओळीला येऊन भेटते. बिदरच्या मुलीची ओळ १९४८च्या हैदराबाद मुक्तीवरून आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेवरून येते. 'पुण्यात पूर आला त्या वर्षी आमचे आजोबा बिदरला होते आणि त्यांचं लग्नही झालं नव्हतं,' असं वाक्य लिहिता यावं म्हणून तर दोन ओळी. मुलाखत कोणत्याही भाषेत घेऊ द्या, लिहायचं मात्र मराठीत. घरात वडीलधारं कोणी नसेल तर सोसायटीतले एखादे काका, शाळेच्या फाटकावरचे मामा, दुकानदार चालतात. पुण्यात जुन्या आठवणी सांगायला तयार असलेल्या माणसांची टंचाई मला तरी कधी भासलेली नाही. त्यांना थांबवायचं कसं, हे मात्र मुलांना शिकवावं लागतं.

मुलाखतीपासून सुरुवात करा, संगणकापासून नव्हे. मुलांना एक ताकीद द्या: 'कोणत्या साली?' हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर 'आता काय आठवतंय बाळा' असंच येणार. त्याऐवजी विचारायचं: पुराच्या आधी की नंतर? तेव्हा बाबा केवढे होते? तुम्ही कुठल्या घरात राहत होतात? घरात वीज होती का? शाळेत कितवीत होतात? या प्रश्नांना उत्तरं येतात आणि ती वाक्यांतच येतात. एक आजी म्हणाल्या, 'पूर आला तेव्हा थोरला पोटात होता.' एवढ्या सहा शब्दांत महिन्याचा अंदाज लागतो, आणि मुलांना गणित मांडायला मजा येते.

पुराशिवाय आणखी पाचसहा खुणा फळ्यावर कायमच्या लिहून ठेवा, कारण प्रत्येकाच्या आठवणी पानशेतशीच अडकलेल्या असतात असं नाही. महाराष्ट्र राज्य झालं, १ मे १९६०. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. १९७२चा दुष्काळ, त्याचं साल न आठवणाऱ्यालाही रेशनची मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी, आठवते. आणीबाणी, जून १९७५ ते मार्च १९७७. कपिलच्या संघाने विश्वचषक जिंकला, २५ जून १९८३. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. आजोबांची आठवण यांतल्या कुठल्या दोन खुणांच्या मधली, एवढं मुलांनी शोधलं की पुष्कळ झालं. 'गणपतीत' किंवा 'दिवाळीच्या तोंडावर' म्हटलं असेल तर महिना साधारण कळतो. तिथीवरून नेमकी तारीख काढायच्या फंदात पडू नका, त्यासाठी त्या वर्षीचं पंचांग लागतं. साल लिहून महिना कोरा ठेवला तरी काम चालतं.

आता साधन. मी टाइमलाइन जेएस वापरते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने ते तयार केलंय, फुकट आहे, आणि मुलांना नवीन काहीच शिकावं लागत नाही, कारण सगळं काम गूगल शीटमध्ये होतं. त्यांच्या पानावरून कोऱ्या शीटची प्रत आपल्या खात्यात घ्यायची. एक घटना म्हणजे एक आडवी ओळ. सगळं भरून झालं की फाइलमध्ये जाऊन शेअर आणि तिथून 'पब्लिश टू वेब' करायचं, शीटचा पत्ता त्यांच्या पानावरच्या चौकटीत टाकायचा, की रेषा तयार. पुढे शीटमध्ये शब्द बदलला की रेषेतही बदलतो. मराठीच्या बाईंना हे फार सोयीचं: दुरुस्त्या करून घ्या, पुन्हा काहीही चढवावं लागत नाही.

शीटची पहिली, रकान्यांच्या नावांची ओळ कोणी हात लावून बिघडवू नये. नाव बदललं, रकाना उडवला किंवा मध्येच एखादी ओळ कोरी सोडली की रेषा रुसते. इयर, मंथ, डे या रकान्यांत आकडे इंग्रजीच घालायचे. मुलं भाषेच्या उत्साहात तिथे १९६१ असं देवनागरीत लिहितात आणि मग 'बाई, दिसतच नाहीये' म्हणत येतात.

देवनागरीची हौस भागवायला 'डिस्प्ले डेट' हा रकाना आहे, आणि माझ्या मते सगळ्या शीटमधला सर्वांत मोलाचा रकाना तोच. इयरमध्ये काही असो, वाचणाऱ्याला तारखेच्या जागी दिसतं ते डिस्प्ले डेटमधलं. म्हणजे इयरमध्ये १९६०चा आकडा, आणि डिस्प्ले डेटमध्ये 'पुराच्या आदल्या वर्षी'. यंत्राला त्याचं साल मिळालं आणि आजीची भाषा जशीच्या तशी राहिली. इथे 'साधारण १९६०' असलं काही चालवून घेऊ नका. 'बाबांच्या मुंजीच्या वेळी', 'कोयनेनंतरच्या उन्हाळ्यात', 'मिलो खायचे दिवस', असंच हवं. याचा आणखी एक फायदा अलीकडे कळतो. चॅटबॉटकडून लिहून आणलेला मजकूर लगेच उघडा पडतो, कारण त्यात पूर असतो, नुकसान असतं, 'जनजीवन विस्कळीत' असतं, फक्त आजी नसते.

'एंड इयर' भरला की घटना खालच्या पट्टीवर ठिपक्याऐवजी लांब दिसते. तिथे रीतिभूतकाळाचा धडा आयता मिळतो. एकदाच घडलं त्याला शेवटचं साल नाही: 'आजोबांनी सायकल घेतली.' वर्षानुवर्षं चालायचं त्याला शेवटचं साल आहे: 'आजोबा सायकलवरून खडकीला कामाला जात. परत येताना मंडईतून भाजी आणत.' मुलांना मी विचारते, तुझी पट्टी लांब आहे ना, मग 'गेले' कसं? 'जात', 'जात असत', 'जायचे' यांतलं काहीतरी हवं. पुस्तकातला काळ-प्रकरणाचा तक्ता पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते पट्टीची लांबी बघून शिरतं. आणीबाणीसारखा मोठा कालखंड असेल तर टाइपच्या रकान्यात इंग्रजीत 'एरा' लिहायचं. त्याला वेगळा मजकूर मिळत नाही, फक्त नाव पट्टीवर पसरतं. आणि मघाच्या दोन ओळींसाठी 'ग्रुप' हा रकाना: एकात 'शहर', दुसऱ्यात 'घर'.

खरं काम 'टेक्स्ट'च्या रकान्यात. एका घटनेला तीन ते पाच वाक्यं, जास्त नाही. गटात चार मुलं ठेवा आणि जो टंकतो त्याने मजकूर सांगायचा नाही, असा नियम करा. नाहीतर ज्याची बोटं चालतात त्याचीच भाषा चालते. टंकायला फोनवरचा जीबोर्ड पुरतो. बोलून लिहायची सोयही मराठीत आहे, पण तिच्यावर विसंबलेल्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासायला दुप्पट वेळ जातो. घरून कोणी जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आणला तर तो शीटमध्ये गिचमिड होऊन येतो. तो सरळ पुन्हा टंकायला लावा.

पहिला खर्डा कसा येतो ते बघा. एका गटाचा होता: 'पानशेत धरण फुटले. खूप पाणी आले. लोकांचे खूप नुकसान झाले.' चूक एकही नाही, आणि वाचण्यासारखंही काही नाही. हे पुण्यातल्या कोणाच्याही घरचं असू शकतं. मी त्यांना तीनच प्रश्न विचारले. बातमी आली तेव्हा आजी काय करत होत्या? आजोबा कुठे होते? ते घरी आले तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? उत्तरं मुलाखतीच्या वहीत होतीच. दुसरा खर्डा असा झाला:

'धरण फुटल्याची बातमी आली तेव्हा आजी भाकरी करत होती. आजोबा कामावर निघून गेले होते. ते परत येईपर्यंत पाणी वाड्याच्या पहिल्या पायरीला लागलं होतं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून सगळे माडीवर गेले.'

'करत होती' हा अपूर्ण भूतकाळ, 'निघून गेले होते' हा पूर्ण, 'येईपर्यंत' आणि 'टाकून' ही दोन कृदंतं, आणि शेवटी साधा 'गेले'. व्याकरणाच्या तासाला याच चार वाक्यांवर आम्ही बराच वेळ काढला. आजी करत 'होती', मग आजोबा 'जात होते' का नाही लिहिलं, 'गेले होते' का? कारण बातमी यायच्या आधीच ते गेले. हे उत्तर एका तेलुगू घरातल्या मुलाने दिलं, आणि पाठांतर न करता दिलं. हे तीन प्रश्न (कोण काय करत होतं, कोण आधीच काय करून बसलं होतं, काय होईपर्यंत काय झालं) मी आता शीटच्या एका कोपऱ्यात टाचून ठेवते. कुठल्याही घटनेला लागू पडतात.

यानंतर एक नियम: पहिली घटना सोडून प्रत्येक घटनेच्या मजकुरात मागच्या एका घटनेचा उल्लेख आलाच पाहिजे. साल सांगून नव्हे, नात्याने. 'पुरात वाहून गेलेलं शिवणयंत्र आजीने दहा वर्षांनी पुन्हा घेतलं.' 'गोखलेनगरला जागा मिळाली तोवर थोरले काका चालायला लागले होते.' हा नियम नसेल तर कालरेषा म्हणजे सुटी पत्रं होतात.

मग परीक्षा. ही माझी सगळ्यात आवडती पायरी, आणि हिला संगणकही लागत नाही. टेक्स्टचा रकाना तेवढा छापायचा, तारखा आणि मथळे काढून टाकायचे, पट्ट्या कापायच्या, उलटसुलट करून दुसऱ्या गटाला द्यायच्या. वर्गात एक दोरी बांधायची आणि दांडीवरचे चिमटे आणायचे. दुसऱ्या गटाने फक्त वाचून, भाषेच्या आधारावर पट्ट्या क्रमाने लावायच्या. जिथे क्रम चुकतो तिथे बहुतेक वेळा दोष लिहिणाऱ्याचा असतो. 'त्या वेळी' लिहिलंय, पण कुठल्या वेळी? 'नंतर' लिहिलंय, कशानंतर? लिहिणारा गट समोर उभा राहून हातवारे करत असतो, बोलायला बंदी. मग तो परत जाऊन वाक्य दुरुस्त करतो, बाईंच्या लाल पेनाची गरज पडत नाही. वर्गात याच तासाला सगळ्यांत जास्त गोंगाट होतो. शेजारच्या वर्गावर असलेल्यांची आधी परवानगी घ्यावी हे बरं.

चित्रांवर फार वेळ जाऊ देऊ नका. पुराचे फोटो नेटवर पुष्कळ फिरतात, पण कुणी काढले, कुठले, याचा पत्ता नसतो. शेजारच्या एखाद्या वेगळ्याच पुराचा फोटो पानशेत म्हणून सहज खपतो. ज्याचं श्रेय लिहिता येत नाही तो फोटो नको. टाइमलाइन जेएसमध्ये मीडिया क्रेडिटचा रकाना त्यासाठीच आहे. विकिपीडियाच्या लेखाचा किंवा यूट्यूबचा दुवा मीडियात टाकला तर तो तिथेच उघडतो. घरचे फोटो सर्वांत चांगले: रेशनकार्ड, जुनी पितळी घागर, वाड्याचा दरवाजा. माणसांचे चेहरे, आडनावं, पत्ते, फोन नंबर मात्र नाहीत. शीट प्रसिद्ध केली की दुवा मिळेल त्या कोणालाही ती दिसते, हे मुलांना आणि पालकांना आधी सांगा, आणि आजीआजोबांची परवानगी मुलांनाच मराठीत दोन ओळींत लिहून मागायला लावा. अर्जलेखनाचा धडा त्यातच उरकतो.

मोठ्यांच्या आठवणीत आणि छापील माहितीत फरक निघाला तर गोंधळून जाऊ नका. पाणी किती वाजता चढलं, कुठल्या पायरीपर्यंत आलं, यावर एकाच वाड्यातली दोन माणसं भांडतात. शहराच्या ओळीतली घटना छापील आधाराशी ताडून घ्यायची. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, जुन्या वृत्तपत्रांसाठी ग्रंथालयात जाता येतं. घराच्या ओळीत मात्र आजी म्हणतात तेच लिहायचं, फक्त 'आजी सांगते', 'आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे', 'असं म्हणतात की' यांतलं योग्य ते जोडून. ऐकीव आणि पडताळलेलं वेगळं लिहिता येणं हेसुद्धा भाषेचंच काम आहे, आणि पाठ्यपुस्तकात त्याला जागा नसते.

किती घटना? साधन बनवणारे वीसच्या पुढे जाऊ नका म्हणतात. मी चार जणांच्या गटाला दहा सांगते. दहा घटना, प्रत्येकी चार वाक्यं, म्हणजे चाळीस वाक्यं. एवढी वाक्यं घासूनपुसून लिहिलेला निबंध आठवीत कोणी आपणहून देत नाही.

गुण वीसपैकी देते. घटनांना जोडणाऱ्या वाक्यांना आठ, लिंग-वचन आणि क्रियापदाच्या मेळाला पाच, मुलाखतीच्या कच्च्या वहीला पाच, शीट नीट भरल्याला दोन. चित्रांना, रंगांना, पार्श्वभूमीला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी जाहीर करते. पालकांना ते पटत नाही. प्रदर्शनाला येतात तेव्हा ते रंगच बघत असतात.

शाळेत संगणकाचा तास मिळत नसेल तर पॅडलेट या ऑनलाइन फलकातही कालरेषेचा आराखडा आहे आणि तो फोनवर सोपा पडतो, पण त्यात डिस्प्ले डेटची गंमत नाही. मजकुरातच पहिल्या ओळीत आजीची तारीख लिहायची. फोनही नसतील तर दोरी आणि चिमट्यांवर सगळंच भागतं. फक्त दुरुस्तीला पट्टी पुन्हा लिहावी लागते.

वेळापत्रकाचं एक. मुलाखती दिवाळीच्या सुट्टीत टाका. मुलं गावी जातात, आजीआजोबा भेटतात, फराळाच्या ताटाभोवती सगळे बसलेले असतात आणि एकाने साल चुकवलं की दुसरा दुरुस्त करतो. सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला प्रश्नांचा कागद हातात द्या, वह्या शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात गोळा करा. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की तास हाती लागत नाहीत, म्हणून दोरीची परीक्षा त्याच्या आत उरका. शीट प्रसिद्ध करायचं काम जानेवारीत केलं तरी चालतं.